बॉनफायर नाइट पाहायची आहे? आधी कोणत्या गावाची, ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब ऑक्टोबरच्या शेवटी तीन आठवड्यांसाठी इंग्लंडला, नणंदेकडे रेडिंगला येतंय. नवरा-बायको, ७२ वर्षांचे सासरे आणि आठ वर्षांचा मुलगा. दक्षिण इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या लुइस गावच्या ५ नोव्हेंबरच्या, म्हणजे बॉनफायर नाइटच्या, मशाल-मिरवणुकीचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेत. त्या ताई विचारतात : हे प्रत्यक्ष पाहण्यासारखं आहे का, सगळ्यांना घेऊन जाता येईल का, कुठे उभं राहायचं आणि आपल्याला त्यात सामील होता येतं का?

ताई, थेट उत्तर आधी देते. पाहण्यासारखं आहे, आणि आयुष्यात एकदा तरी पाहावंच. पण चौघांनी मिळून ५ तारखेच्या रात्री लुइसला जाऊ नका. तिथेच मुक्कामाला खोली मिळाली तर तुम्ही दोघं लुइसला जा, सासरे आणि मुलगा त्या रात्री नणंदेकडे राहू देत. आणि सगळं घर मिळून एखाद्या शनिवारी ससेक्समधल्या लहान गावाच्या बॉनफायरला जा. मुलगा जन्मभर लक्षात ठेवेल ती रात्र बहुधा दुसरीच असेल.

मी अठरा वर्षं ब्रायटनला राहते. लुइस इथून बारा-तेरा किलोमीटरवर. भारतातून येणाऱ्या मराठी मंडळींना हे सण दाखवायला नेणं, हे माझं दरवर्षीचं सप्टेंबर ते नोव्हेंबरचं काम. सुरुवातीच्या वर्षांत केलेल्या चुकांमधूनच पुढचं बरंचसं सांगते आहे.

आधी हे काय आहे ते नीट समजून घ्या, कारण ते न कळता गेलं की नुसती आग आणि आवाज दिसतो. ५ नोव्हेंबर १६०५ ला लंडनमध्ये राजा पहिला जेम्स पार्लमेंटचं उद्घाटन करणार होता. रॉबर्ट केट्सबी नावाच्या जमीनदार घराण्यातल्या माणसाने आणि त्याच्या साथीदारांनी लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं रचून ठेवली होती. ही सगळी कॅथलिक मंडळी, प्रॉटेस्टंट राजवटीत धर्मासाठी छळ सोसलेली. एका लॉर्डला सावधगिरीचं निनावी पत्र गेलं, त्यावरून झडती झाली आणि पिंपांवर राखण करणारा गाय फॉक्स मध्यरात्रीच्या सुमारास सापडला. राजा वाचला म्हणून त्याच दिवशी लंडनकरांनी होळ्या पेटवल्या. पुढच्या वर्षी पार्लमेंटने कायदाच केला की दरवर्षी ५ नोव्हेंबरला देवाचे आभार मानायचे. तो कायदा १८५९ मध्ये रद्द झाला, पण तोवर लोकांना त्याची गरज उरली नव्हती. अडीचशे वर्षांत सण अंगवळणी पडला होता.

बहुतेक इंग्लंडमध्ये आता याचा अर्थ एवढाच की मैदानात एक मोठी होळी, आकाशात आतषबाजी, हातात गरम सूप. पूर्वी पोरं जुन्या कपड्यांत पेंढा भरून गाय फॉक्सचा बाहुला करायची आणि तो ढकलगाडीत घालून दारोदार पैसे मागायची. आपल्याकडे होळीच्या आधी पोरं लाकडं-गोवऱ्या गोळा करत फिरतात, तसंच. ते आता जवळजवळ संपलं. पण ससेक्स परगण्यात हा सण वेगळ्याच तऱ्हेने जिवंत राहिला आणि लुइस हे त्याचं मुख्य गाव.

का, तर लुइसची स्वतःची एक जखम आहे. १५५५ ते १५५७ या दोन वर्षांत, राणी पहिली मेरी हिच्या कॅथलिक राजवटीत, या गावात १७ प्रॉटेस्टंट माणसांना जिवंत जाळलं. २२ जून १५५७ ला तर एकाच वेळी दहा जणांना. हे घडलं ते ठिकाण म्हणजे स्टार इन नावाची सराई, आजच्या टाउन हॉलची जागा. पाच नोव्हेंबरच्या रात्री मिरवणुकीत १७ जळते क्रूस नेतात ते या सतरा जणांचे. एकामागून एक ते क्रूस उतारावरून येऊ लागतात तेव्हा रस्त्याच्या कडेचा गलका आपोआप खाली येतो. माझ्याबरोबर आलेल्या एका आजींनी कुणी न सांगता हात जोडले होते.

इथल्या बॉनफायर सोसायट्या म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावायला मला एक वाक्य पुरतं : ती मंडळं आहेत. गणपती मंडळं असतात तशीच. क्लिफ आणि बरो या दोन १८५३ च्या, कमर्शियल स्क्वेअर १८५५ ची, मग साउथ स्ट्रीट, वॉटर्लू, साउथओव्हर अशा. प्रत्येकीचा भाग ठरलेला, आडव्या पट्ट्यांचा स्वेटर ठरलेला. क्लिफचा काळा-पांढरा, बरोचा निळा-पांढरा. जुन्या चोरट्या व्यापाऱ्यांचा तो वेश आहे असं मानतात. वर्गणी, सभा, रुसवेफुगवे, वर्षभर चाललेली तयारी, सगळं ओळखीचं. नेव्हिल नावाचं बालमंडळ तर आपली मिरवणूक मुख्य रात्रीच्या आधीच काढतं, म्हणजे मुलांना झोपेची वेळ पाळून सण करता येतो. आणि मानाचा प्रश्न इथेही आहे : सगळ्या सोसायट्यांची एकत्र मोठी मिरवणूक निघते, त्यात क्लिफ जात नाही. ती आपली स्वतंत्र निघते.

एका वर्षी ऑगस्टमध्ये ओळखीतून मला एका सोसायटीच्या शेडमध्ये मशाली करताना बघायला मिळालं. लाकडी दांडा, त्याच्या टोकाला गोणपाटाची पट्टी घट्ट गुंडाळायची, वर तार आवळायची, मग ते टोक रॉकेलमध्ये बुडवून मुरू द्यायचं. पट्टी सैल राहिली तर जळता तुकडा गळून मागच्याच्या पायावर पडतो, म्हणून एक साठीच्या बाई प्रत्येक मशाल हातात घेऊन गोणपाट अंगठ्याने दाबून पाहत होत्या. सैल लागली की न बोलता परत ढिगावर. अशा हजारो मशाली. ५ नोव्हेंबरच्या रात्री गळालेल्या आणि संपलेल्या मशाली उचलायला मिरवणुकीमागे हातगाड्या असतात, आणि गाडी ओढणारी माणसं धुराने काळी झालेली असतात. हे काम मिरवण्याइतकंच मानाचं समजतात.

म्हणून तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. सामील होता येतं का? त्या एका रात्रीपुरतं नाही. मशाल हातात घेऊन चालणारी माणसं सभासद असतात, वर्षभर राबलेली असतात. आपल्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत कुणी बाहेरचा येऊन ताशाच मागू लागला तर काय वाटेल, तसंच हे. पण पाहुण्याला करण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक सोसायटीची माणसं डबे घेऊन फिरतात, त्यात मोकळ्या हाताने टाका. खिशात नाणी आणि पाच-दहा पाउंडांच्या नोटा ठेवा. त्या रात्रीचा कार्यक्रम छापलेला मिळतो, तो विकत घ्या. आणि चौकातल्या युद्धस्मारकापाशी मिरवणूक थांबेल तेव्हा बोलणं थांबवा. तिथे पुष्पचक्रं वाहतात, बिगुल वाजतो, क्षणापूर्वी कानठळ्या बसवणारा रस्ता अगदी गप्प होतो. फोन त्या वेळी खाली ठेवा, एवढी माझी हट्टाची विनंती असते.

आता लुइसची रात्र प्रत्यक्षात कशी असते. गाव साधारण सतरा हजार वस्तीचं, मुख्य रस्ता अरुंद आणि चढाचा. त्यात हजारो माणसं येतात. दुपारपासून दुकानदार काचांवर प्लायवुड ठोकतात. सूर्य साडेचारच्या आसपास मावळतो. संध्याकाळी रस्ते बंद होतात आणि अलीकडच्या वर्षांत पाचच्या सुमारासच रेल्वे लुइसला थांबणं बंद करते, आसपासची लहान स्थानकंही बंद असतात. परगण्याबाहेरच्यांनी येऊ नये असं पोलीस आणि नगरपालिका दरवर्षी स्पष्ट सांगतात. ही सूचना मी गंभीरपणे घेते, तुम्हीही घ्या. गावाला पाहुण्यांचा राग नाही, पण त्या रस्त्यांत मावतील तेवढीच माणसं मावतात.

एकदा मी आठ जणांना मिनीबसने घेऊन निघाले होते, सहापर्यंत पोचू या हिशेबाने. गावाबाहेर अडवलं. गाडी कुठेतरी लांब लावून अंधारात, फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने आम्ही चालत राहिलो. बरोबर एक गुडघेदुखीच्या मावशी होत्या. मिरवणूक दिसलीच नाही, डोंगरामागे आकाश लाल झालेलं तेवढं दिसलं. त्यानंतर मी नियम केला : लुइसला जायचं तर रात्री मुक्काम लुइसमध्येच, चालत परतता येईल असा, आणि दुपारी तीनच्या आत खोलीवर. अशा खोल्या वर्षभर आधी जातात. मिळाली नाही तर बेत सोडायचा. ब्रायटनला राहून रात्री टॅक्सीने परत येऊ, असा हिशेब धरू नका.

खोली मिळाली, असं धरू. मग उभं कुठे राहायचं? हाय स्ट्रीटच्या, म्हणजे त्या मुख्य रस्त्याच्या, वरच्या भागात, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी. गल्ली महत्त्वाची, कारण गर्दी दाटली की मागे सरकायला जागा लागते. स्कूल हिल नावाच्या उतारावरून दृश्य सगळ्यात सुंदर दिसतं, वरून खाली ज्वाळांची नदी वाहते आहे असं. पण तिथेच दाटीही सगळ्यात जास्त. क्लिफ भागातल्या पुलाजवळ जाऊ नका असं मी पहिल्यांदा येणाऱ्यांना सांगते. तिथे पेटलेल्या डांबराच्या पिंपांची शर्यत होते आणि मग एक जळतं पिंप पुलावरून ऊझ नदीत टाकतात. १८४७ च्या दंगलीत न्यायाधिकाऱ्यालाच गावकऱ्यांनी नदीत फेकलं होतं, त्याची ही आठवण, असं गावात सांगतात. पिंप बारा-पंधरा फुटांवरून गेलं तरी चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी होते, भुवया जळल्या की काय म्हणून हात आपोआप कपाळावर जातो. पाहण्याजोगं आहे, पण एकदा येऊन गर्दीचा अंदाज घेतलेल्यांनी पाहावं.

एक जागा धरली की सोडू नका. लोक चूक करतात ती हीच, इकडून तिकडे धावत राहतात आणि सगळीकडे शेपूटच पाहतात. मिरवणुका एकाच रस्त्यावरून अनेकदा येतात-जातात. साडेपाच-सहापासून नऊपर्यंत तुमच्यासमोरून बहुतेक सगळं जाईल. त्यानंतर प्रत्येक सोसायटी गावाच्या कडेच्या आपापल्या मैदानावर जाते. तिथे खरी होळी, पुतळे आणि आतषबाजी. मैदानाची तिकिटं आधी विकली जातात, दारावर मिळतील या भरवशावर राहू नका. तिकीट नसेल तर खिडकीतून किंवा गल्लीच्या टोकावरून वरचं आकाश तरी दिसतंच.

पुतळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. गाय फॉक्सचा असतो, आणि त्याशिवाय त्या वर्षी गावाला ज्याचा राग आला असेल त्याचा. तीन-चार माणसांच्या उंचीचा, आत फटाके ठासलेला. कोणाचा करणार हे संध्याकाळपर्यंत गुपित ठेवतात. २०१६ मध्ये डॉनल्ड ट्रम्प होते. गोव्यातल्या वाचकांना हे लगेच उमगेल, कारण नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतली पोरं जागून नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात, त्यातला आनंद नेमका हाच आहे. जाळण्यापेक्षा करण्यातला, आणि दुसऱ्या वाड्यापेक्षा आपला मोठा आहे यातला.

पण एक पुतळा पोप पाचवा पॉल याचाही असतो. तो १६०५ मध्ये पोप झाला. क्लिफ सोसायटी पोपशाहीविरोधी फलकही नेते. एका वर्षी वसईचं एक कॅथलिक कुटुंब माझ्याबरोबर येणार होतं, त्यांना मी हे घरी बसून आधीच सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि आले. नंतर त्या घरातल्या काकांनी सांगितलं की सतरा क्रूस पाहताना त्यांना वाईट वाटलं ते जळलेल्या माणसांचं, आणि तो फलक पाहताना वाईट वाटलं ते आजच्या माणसांचं. सोसायट्या म्हणतात की हा राग चारशे वर्षांपूर्वीच्या सत्तेवर आहे, शेजारच्या कॅथलिकांवर नाही. मला ते बऱ्याच अंशी पटतं, पण पाहणाऱ्याने ते गृहीत धरावं अशी अपेक्षा मी करत नाही. तसंच वेशांचं. काही सोसायट्या झुलू योद्धे, अमेरिकेतले मूळ रहिवासी अशा वेशात निघतात. तोंडाला काळा रंग फासण्यावरून २०१७ मध्ये मोठा वाद झाला आणि बरो सोसायटीने तो रंग सोडला. ज्यांच्यावर साहेबाने दीडशे वर्षं राज्य केलं त्या आपल्या लोकांना हे पाहून काही तरी टोचणारच. टोचलं तर टोचू द्या. सण मनापासून आवडूनही त्यातलं एखादं न आवडणं शक्य आहे, माझं दरवर्षी तसंच होतं.

डेव्हन परगण्यातल्या ऑटरी सेंट मेरीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, तरी पुढे कुणीतरी सुचवेलच म्हणून सांगते. कवी कोलरिज १७७२ मध्ये जन्मला ते हे गाव. तिथे आतून डांबर माखलेली पिंपं पेटवून माणसं खांद्यापाठीवर घेतात आणि गर्दीतून धावतात. हातात गोणपाटाचे जाड मोजे, बाकी काही नाही. दुपारी मुलांची छोटी पिंपं, मग बायकांची आणि रात्री पुरुषांची, शेवटचं मध्यरात्रीच्या आसपास. पिंप उचलायचा मान गावातल्या घराण्यांचा, पिढ्यानपिढ्यांचा. प्रेक्षक आणि आग यांत दोरखंडसुद्धा नसतो. तुमच्या घरातल्या चौघांपैकी कुणालाही मी तिथे नेणार नाही. सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटरचा कार्निव्हल मात्र मुलांना फार आवडतो. हजारो दिव्यांचे अजस्र रथ निघतात आणि शेवटी रस्त्याच्या मध्यभागी रांगेने उभी माणसं लांब काठीवर भुईनळा लावून डोक्यावर धरतात, पूर्ण रस्ता सोनेरी पावसात न्हातो. रेडिंगहून ते लांब पडेल, मुक्कामाची सोय असेल तरच.

आणि आता माझी खरी शिफारस. ससेक्समध्ये बॉनफायरचा हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात असतो. बॅटल, राय, हेस्टिंग्ज ही मोठी नावं, आणि न्यूइक, बारकोम, ईस्ट होथली अशी लहान गावं. सोसायट्या एकमेकींकडे पाहुण्या म्हणून जातात, त्यामुळे लुइसचे तेच पट्ट्यांचे स्वेटर, त्याच मशाली, तेच ढोल तुम्हाला गावच्या रस्त्यावर दोन हातांवर दिसतात. गर्दी श्वास घेता येईल इतकी. मुलगा बाबांच्या खांद्यावर बसून सगळं पाहू शकतो, सासऱ्यांना घडीची खुर्ची टाकता येते. होळी गावच्या मैदानावर आणि तिथे आपण सगळे गावकऱ्यांबरोबर एकाच चिखलात उभे. बॅटलचं एक विशेष म्हणजे ते जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी नावाजलेलं गाव होतं, आणि मिरवणूक मठाच्या जुन्या वेशीसमोर येते. तारखा प्रत्येक सोसायटी उन्हाळ्यातच जाहीर करते. लुइसमध्ये ५ तारीख रविवारी आली तर सण शनिवारी ४ ला करतात, २०२३ मध्ये तसं झालं होतं. गावांच्या तारखांनाही असे बारकावे असतात, म्हणून तिकिटं काढायच्या आधी तपासा.

२०२१ साली लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं आणि पाडवा ५ ला. त्या वर्षी माझ्याकडे नाशिकचे दोघे नवरा-बायको होते. सकाळी पाटाभोवती रांगोळी काढून ओवाळणी झाली, दुपारी फराळाचा डबा पिशवीत घालून आम्ही लुइसच्या खोलीवर. रात्री गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका वयस्क जोडप्याला काकूंनी चकली दिली. त्या बाईंनी ती मशालीच्या उजेडात उलटसुलट पाहिली, खाल्ली आणि विचारलं, हे फटाक्याच्या आकाराचं मुद्दाम करता का? भुईचक्र म्हणायचं होतं त्यांना. काकू तेव्हापासून चकली करताना मला फोटो पाठवतात.

कपड्यांचं मात्र ऐकाच. वरचा थर सुती किंवा लोकरी हवा. नायलॉनच्या हलक्या जॅकेटवर ठिणगी पडली की क्षणात भोक पडतं आणि वितळलेला कपडा कातडीला चिकटतो. ओढणी, पदर, झुलणारा स्कार्फ नको, मोकळे केस नकोत, लोकरी टोपीत गुंडाळा. हवा पाच ते दहा अंश आणि जमीन ओली, म्हणून बूट जुने आणि जाड तळाचे. कानांत बोळे सगळ्यांच्या, मुलाच्या कानांवर मोठे कर्णरक्षक. कारण रूकी नावाचे फटाके लोक रस्त्यात पायांशी फेकतात. पूर्वी शेतकरी पिकावरचे कावळे हाकलायला वापरत ते हे. फेकणं बेकायदा आहे, पण होतं, आणि आवाज सुतळी बॉम्बच्या तोडीचा असतो. सासऱ्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर धुराचा विचार करा. लुइस दरीत वसलंय, वारा नसला की धूर रात्रभर तिथेच बसून राहतो. कुणाला भाजलंच तर नळाचं गार वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, लोणी काही नको. मोठं असेल तर ९९९.

नणंदेच्या अंगणात मुलाला फुलबाज्या लावायच्या असतील तर इथले नियम असे. फटाके रात्री अकरानंतर लावायचे नाहीत, ५ नोव्हेंबरला बारापर्यंत सूट. आणि हे सासऱ्यांना सांगा, त्यांना आवडेल : दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत, हे इंग्लंडच्या नियमांत दिवाळीचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. अठरा वर्षांखालच्यांना फटाके विकत नाहीत, फुलबाज्यासुद्धा नाहीत. विझलेल्या काड्या टाकायला पाण्याची बादली शेजारी ठेवा, विझल्यावरही त्या बराच वेळ चटका देतात. भारतातून काहीही आणू नका आणि इथलं विकत घेतलेलं रेल्वेतून नेऊ नका. अंगणात होळी करणार असाल तर लाकडं पेटवायच्या आधी ढीग हलवून पाहा, किंवा ढीगच त्या दिवशी रचा. या दिवसांत साळूसारखे दिसणारे चिमुकले हेजहॉग थंडीसाठी अशा ढिगांत शिरून झोपतात. मुलाला हे काम द्या, टॉर्च घेऊन तो अर्धा तास शोधेल.

सासऱ्यांसाठी लुइस पूर्ण सोडायची गरज नाही. कोणत्याही दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जा. नॉर्मन काळातला किल्ला, टाउन हॉलवरची सतरा जणांची पाटी, नदीपलीकडच्या टेकडीवर १९०१ मध्ये उभारलेलं हुतात्मा स्मारक, सगळं निवांत पाहता येतं. ६ तारीख टाळू नका, उलट तीच गाठा. रात्रीतून रस्ते झाडून लखलखीत केलेले असतात, प्लायवुड उतरवायचं काम चालू असतं आणि डांबराचे काळे ओघळ दगडांवर तेवढे राहिलेले दिसतात. हवेला रॉकेलचा वास येतो. त्यांना इतिहासाची आवड असेल तर ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात गाय फॉक्सचा कंदील ठेवलेला आहे, रेडिंगहून ऑक्सफर्ड गाडीने अर्ध्या तासावर. साधा लोखंडी, हातात धरून नेण्याजोगा.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण मुलगा विचारेल. होळीपाशी भाजलेला बटाटा मिळतो, साखरेच्या पाकातलं सफरचंद मिळतं, शाकाहारी माणसाचं अडत नाही. शक्य झालं तर पार्किन मिळवा. हा मूळचा उत्तरेकडचा, यॉर्कशायर-लँकेशायरचा केक, याच दिवसांतला : ओटचं भरड पीठ, आलं आणि काकवीसारखा काळा पाक. बऱ्याच पाककृतींत अंडं असतं, तेवढं विचारून घ्या. ताजा घेतलात तर थोडा कोरडा लागेल. डब्यात बंद करून चार-पाच दिवस ठेवा, मग तो मऊ आणि चिकट होतो आणि आल्याची खरी चव तेव्हाच येते.